‘लिस्ट ऑफ...’ च्या पुढे इज की आर? लांब वाक्यात कर्ता धरायचा कुठला?

रानजाई | रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. मी लातूरला एका संस्थेत ऑफिसचं काम बघते, पत्रव्यवहार बराचसा इंग्रजीत असतो. परवा एका पत्रात मी ‘द लिस्ट ऑफ बेनिफिशियरीज आर अटॅच्ड’ असं लिहिलं तर साहेबांनी आर वर लाल गोल केला आणि सगळ्यांसमोर कागद परत दिला, कारण काही सांगितलं नाही. मी इज करून दिलं आणि पत्र गेलं, पण मला अजून कळलेलं नाहीये की चुकलं कुठे. लाभार्थी ४२ आहेत, एक नाहीये, मग आर का नको? शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं होतं की ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस लावायचा आणि आय, वी, यू, दे आलं की नाही लावायचा. ते मला झोपेतही येतं. पण वाक्य लांब झालं की त्यातला ‘ही’ कोण आणि ‘दे’ कोण हेच सापडत नाही. मुलगी आठवीत आहे, तीही आता मलाच विचारते. कुणी नीट समजावून सांगेल का, नुसता नियम नको, का ते सांगा.

अभ्यासिका२४तास | रात्री ९:३०
ताई, ऑफ दिसला की ऑफच्या पुढचं बोटाने झाकायचं आणि मागे जे उरतं त्याच्यावरून क्रियापद लावायचं. लिस्ट उरली, लिस्ट एक, म्हणून इज. मी स्टाफ सिलेक्शन आणि बँकेच्या परीक्षा देतोय, त्यात वाक्याचे तुकडे करून चूक कुठल्या तुकड्यात आहे ते विचारतात आणि असली वाक्यं हमखास असतात. वन ऑफ माय फ्रेंड्स इज, ईच ऑफ द बॉईज हॅज, द क्वालिटी ऑफ मँगोज इज. फक्त अपवाद पाठ करावे लागतात, म्हंजे ‘अ नंबर ऑफ’ ला आर, ‘द नंबर ऑफ’ ला इज, ‘अ लॉट ऑफ’ ला दोन्ही, ‘हाफ ऑफ’ ला दोन्ही. मी वहीत एक पान भरून लिहून ठेवलंय.

रानजाई | रात्री ९:४१
धन्यवाद दादा. पण इथेच माझी गाडी अडते. ‘अ लॉट ऑफ पीपल’ मध्ये ऑफच्या पुढचं झाकलं तर लॉट उरतो, लॉट पण एकच ना, मग तिथे आर का? पानभर अपवाद पाठ करून परीक्षा देता येईल पण पत्र लिहिताना ते पान डोळ्यासमोर येत नाही हो.

गोदाकाठ | रात्री १०:२५
रानजाई ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, नाशिक जिल्ह्यात. तुमचा प्रश्न मला दर वर्षी भेटला आणि पहिली कितीतरी वर्षं मीही मुलांना ते बोटाने झाकायचंच सांगत होतो. मग एकदा एका मुलीने फळ्यावरचं वाक्य मराठीत करून दाखवलं आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला, तो इथे सांगतो.

तुमचं वाक्य मराठीत करा. ‘लाभार्थ्यांची यादी सोबत जोडली आहे.’ आता बघा, क्रियापदाच्या बाजूला कोण उभं आहे? यादी. लाभार्थी मागे राहिले, त्यांना ‘ची’ लागला आणि ते बाजूला झाले. तुम्ही मराठीत ‘लाभार्थ्यांची यादी जोडले आहेत’ असं चुकूनही लिहिणार नाही. कान लगेच ओरडेल. मग इंग्रजीत हात का चुकला? कारण इंग्रजीत उलटं आहे. आपलं षष्ठीचं शेपूट नावाच्या आधी येतं, त्यांचं ऑफवालं शेपूट नावाच्या नंतर येतं. त्यामुळे खरा कर्ता लिस्ट लांब पडतो आणि क्रियापदाच्या शेजारी येऊन बसतात बेनिफिशियरीज. आपला मराठी कान शेजारच्या नामाशी क्रियापद जुळवायला लहानपणापासून तयार झालेला असतो. ‘मी भाजी आणि भात खाल्ला’, ‘मी भात आणि भाजी खाल्ली’, दोन्ही बरोबर, क्रियापद शेवटच्याशी जुळलं. ती सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि शेजारी उभ्या असलेल्या बेनिफिशियरीजशी आर जोडून मोकळे होतो. म्हंजे तुम्हाला कर्ता कळत नाही असं नाहीये, तुम्ही तो मराठी जागेवर शोधताय.

म्हणून माझा उपाय झाकायचा नाही, मराठीत करायचा. आणि आता तुमचा लॉट घ्या. ‘अ लॉट ऑफ पीपल’ मराठीत काय? ‘लोकांचा लॉट’ नाही म्हणत आपण, ‘बरेच लोक’ म्हणतो. कर्ता लोक, म्हणून आर. ‘अ लॉट ऑफ वॉटर’ म्हंजे ‘बरंच पाणी’, म्हणून इज. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हंजे ‘कितीतरी विद्यार्थी’, म्हणून आर. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हंजे ‘विद्यार्थ्यांची संख्या’, कर्ता संख्या, म्हणून इज. ‘हाफ ऑफ द मँगोज’ निम्मे आंबे, आर. ‘हाफ ऑफ द मँगो’ निम्मा आंबा, इज. अपवादाचं पान फाडून टाका असं म्हणत नाही, पण त्यातले निम्मे अपवाद मराठीत अपवादच नाहीयेत.

अभ्यासिका२४तास | रात्री १०:५०
सर, हे मी आजपर्यंत कुठल्याच क्लासमध्ये ऐकलं नव्हतं. वही काढून तपासतोय. ‘द प्रिन्सिपल अलाँग विथ द टीचर्स’ घेतलं, मराठीत मुख्याध्यापकांना आदरार्थी अनेकवचन लागतं म्हणून आई घेतली, ‘मुलांसह आई आली’, आली एकवचन, इंग्रजीतही एकवचन. जुळतंय. ‘आयदर’ आणि ‘नायदर’ मध्ये शेवटच्याशी जुळवायचं असतं, ‘मुलगा किंवा मुलगी आली’, इथे पण शेवटच्याशीच. हे पण जुळतंय! पण एक वाक्य मला कायम फसवतं. ‘ही इज वन ऑफ द टीचर्स हू’ याच्या पुढे कम अर्ली की कम्स अर्ली? उत्तरपत्रिकेत कम होतं आणि मी कम्स केलं होतं कारण वन ऑफ आला की एकवचन असं डोक्यात बसलंय.

गोदाकाठ | रात्री ११:०८
मराठीत करा. ‘लवकर येणाऱ्या शिक्षकांपैकी तो एक आहे.’ लवकर येणारे कोण? शिक्षक, अनेक. म्हणून कम. आणि ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू कम्स अर्ली’ म्हंजे ‘शिक्षकांपैकी लवकर येणारा तो एकटाच’. येणारा एक, म्हणून कम्स. हू च्या मागे कुणाला उभं केलंय ते मराठी विशेषण सांगतं, येणाऱ्या की येणारा. चांगल्या शिकलेल्या इंग्रजांच्या लिखाणातही पहिल्या प्रकारात एकवचन सापडतं बरं का, परीक्षेत मात्र अनेकवचनच लिहा.

पिंपळपान | सकाळी ७:५५
गोदाकाठ सर, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. मी डोंबिवलीत घरी शिकवण्या घेते, पाचवी ते दहावी. तुमचं म्हणणं मनापासून पटलं पण एक धोका सांगायलाच हवा नाहीतर मुलं ते जसंच्या तसं लावतील. कर्ता कुठला हे मराठी बरोबर सांगते, पण तो एक की अनेक हे मराठीला विचारलं तर कधीकधी ती चुकीचं सांगते, कारण मोजायची पद्धत दोन्ही भाषांची वेगळी आहे.

माझ्याकडे मुलं ‘माय हेअर आर लाँग’ लिहितात. का? आपले केस अनेक असतात, केस गळतात, केस पांढरे झाले. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून हेअर एकवचन. ‘द मनी आर’ लिहितात, कारण पैसे आहेत. ‘द न्यूज आर गुड’, कारण बातम्या, आणि वर शेवटी एस दिसतो म्हणून खात्रीच पटते. मिशा आपल्याकडे अनेक, तिकडे मुस्टॅश एक. आणि याच्या बरोब्बर उलट म्हंजे कात्री. आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक, चिमटा एक. त्यांच्याकडे सिझर्स आर, स्पेक्टॅकल्स आर, ट्राउझर्स आर, कारण त्यांनी दोन पाती, दोन काचा, दोन पाय मोजले. गणित म्हंजे मॅथेमॅटिक्स आणि गोवर म्हंजे मीझल्स, दोघांच्या शेवटी एस असून एकवचन, इथे मराठी वाचवते. ‘पोलीस’ शब्द आपण घेतला आणि एक पोलीस आला म्हणायला लागलो, त्यांच्याकडे पोलीस कायम आर, एकटा असेल तर पोलीसमन किंवा ऑफिसर म्हणावं लागतं.

एव्हरीवन ची पण तीच गोष्ट. मुलं मनात ‘सगळे आले’ म्हणतात आणि ‘एव्हरीवन हॅव कम’ लिहितात. मी त्यांना सांगते की एव्हरीवन म्हंजे सगळे नाही, प्रत्येकजण, ‘प्रत्येकजण आला’.

आणि रुपये! ‘दहा हजार रुपये पुरेसे आहेत’, पण ‘टेन थाउजंड रुपीज इज इनफ’. तिथे मी मुलांना मध्ये एक शब्द घालायला लावते, दहा हजार रुपये ‘एवढी रक्कम’ पुरेशी आहे, पाच किलोमीटर ‘एवढं अंतर’ लांब आहे. रक्कम आणि अंतर लपलेले असतात.

रानजाई | सकाळी ९:०५
मॅडम, हेअर आर मी कालपर्यंत बरोबर समजत होते. स्क्रीनशॉट काढून मुलीला पाठवला.

खडा_सवाल | सकाळी ११:२०
सगळं मान्य, पण मला एक मनापासून विचारायचंय. आर लिहिलं काय नि इज लिहिलं काय, लाभार्थ्यांची यादी जोडलीय हे वाचणाऱ्याला कळलंच ना? मग एका अक्षरावरून बाईला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं हे मला पटत नाही. इंग्रजी ही आपली भाषा नाही, काम झालं म्हंजे झालं. मी वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतो, परदेशी पार्टीशी मेल करतो, माझे एस कितीतरी वेळा सुटत असतील, ऑर्डर येतातच.

यारेकाठी | दुपारी १:४५
खडा_सवाल दादा, तुमच्या बाजूने थोडं बोलते. मी इंग्लंडात नॉर्विचजवळ राहते, आठ वर्षं झाली. आल्यावर पहिल्या महिन्यात शेजारच्या आजी ‘शी गो टू चर्च’ म्हणाल्या, ‘ही लाइक इट’ म्हणाल्या, आणि मला वाटलं मीच चुकीचं ऐकतेय, कारण शाळेत याच एसवर आमचे मार्क कापले होते. नंतर कळलं की नॉर्फोक आणि सफोक भागातल्या जुन्या बोलीत तो एस लागतच नाही. पीटर ट्रडगिल म्हणून इथलेच भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नॉर्विचच्या बोलीचा बारकाईने अभ्यास केलाय. त्यांचं एक म्हणणं असं की १५६५ पासून नेदरलँड्सकडून छळाला कंटाळून इथे विणकर आले, शहरात त्यांची संख्या खूप मोठी होती, मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्या त्या लोकांच्या तोंडून हा एस सुटला आणि तो गावाच्या बोलीत तसाच राहिला. सगळेच अभ्यासक हे मानतात असं नाही, पण मला ते वाचून फार आपलेपणा वाटला, कारण मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्याच्या तोंडून सगळ्यात आधी तोच सुटतो, आपल्याही.

आणि तो एस मुळात लंडनचा नव्हताच. दक्षिणेत ‘गोएथ’, ‘कमेथ’ असं म्हणायचे आणि एस ही उत्तरेकडची बोली होती. १४व्या शतकाच्या शेवटी चॉसरने आपल्या एका गोष्टीत उत्तरेकडून आलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या तोंडी मुद्दाम हा एस घातला, ते गावाकडचे आहेत हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून, आपल्याकडे एखाद्या पात्राला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावतात तसंच. नंतर तोच एस लंडनमध्ये शिरला. १६११ च्या बायबलमध्ये अजून सगळीकडे एथ आहे, पण त्याच काळातल्या नाटकांत दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. म्हंजे आज ज्याच्यावरून लाल गोल होतो तो एकेकाळी गावंढळ समजला जायचा.

गोदाकाठ | दुपारी ३:१०
यारेकाठी ताईंनी सांगितलेलं वाचून फार आनंद झाला. खडा_सवाल, सगळ्यांसमोर कागद परत देणं मलाही पटलेलं नाही, चूक दाखवणाऱ्याने कारण सांगायलाच हवं, नाहीतर ते शिकवणं नव्हे. पण ‘कळलं ना, मग झालं’ हे मी स्वीकारणार नाही. कुणी आपल्याशी ‘मी पोळी खाल्ला’ बोललं तर अर्थ कळतोच, तरी एक क्षण आपण पोळीवरून निघून त्या ‘खाल्ला’वर थांबतो. पत्र वाचणारा तसा थांबू नये एवढ्यासाठी हे शिकायचं. आणि परीक्षेत तर त्या एका अक्षरावर मुलांच्या नोकऱ्या अडतात, अभ्यासिका दादांना विचारा.

शिवाय हे आपल्याला अवघड जायचं कारणच नाही. जा धातूचा साधा वर्तमानकाळ घ्या, जातो, जाते, जातं, जातोस, जातेस, जाता, जातात, मी न मोजता सात सांगितले. इंग्रजीत गो आणि गोज, दोन. भूतकाळात वेंट, एकच. फक्त बी चे वॉज आणि वेअर राहिले. त्यातून आपलं क्रियापद कधी कर्त्याशी जुळतं, कधी कर्माशी, ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबे खाल्ले’, आणि ‘रामाने रावणास मारले’ म्हटलं की कुणाशीच नाही. कर्तरी, कर्मणी, भावे हे आपलं पाच वर्षांचं पोर न शिकता वापरतं. इंग्रजीत क्रियापद कर्माकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगायचो तेव्हा त्यांचे खांदे सरळ व्हायचे, हे मी पाहिलंय.

हडसनपलीकडे | सायंकाळी ६:३०
न्यू जर्सीतून लिहितोय. पिंपळपान ताईंनी मोजायच्या पद्धतीचं सांगितलं त्यात भर. एक की अनेक हे इंग्रजांचं आपापसातही ठरलेलं नाहीये. क्रिकेट ऐकत मोठा झालो, तिथे ‘इंग्लंड आर’, ‘इंडिया आर’ दोनशेला तीन असंच असतं, संघ म्हंजे ११ जण. इकडे अमेरिकेत टीम, कमिटी, फॅमिली, गव्हर्न्मेंट सगळं इज. त्यामुळे कुणी ‘कमिटी आर’ वर लाल गोल केला तर ती चूकच असेल असं नाही, पत्र कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा आणि एका पत्रात एकच पद्धत ठेवा.

पण अमेरिकेच्या स्वतःच्या नावाचं बघा. १७८७ च्या संविधानात देशद्रोहाच्या कलमात युनायटेड स्टेट्ससाठी ‘देम’ आहे, ‘त्यांच्याविरुद्ध’ युद्ध करणं. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही ‘देअर’ आहे, ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्रात. म्हंजे तेव्हा कायद्याच्या भाषेत ती अनेक राज्यंच होती. आज कुणीही ‘द युनायटेड स्टेट्स इज’ म्हणतं. यादवी युद्धानंतर एका दिवसात हे बदललं असं काही जण सांगतात ते खरं नाही, दोन्ही रूपं बरीच वर्षं सोबत चालली. माझ्या मुलाला इतिहासाच्या गृहपाठात ते ‘देअर’ दिसलं आणि तो म्हणाला बाबा इथे चुकलंय, तेव्हा आम्ही दोघं तासभर यावर बोलत बसलो होतो.

पिंपळपान | रात्री ८:१५
किती सुंदर. मुलं मला नेहमी विचारतात ते यातच बसतं, की यू एकटा असला तरी यू आर का, यू इज का नाही. मी त्यांना म्हणते, तू आपल्या आजोबांना ‘आजोबा आला’ म्हणतोस का? ‘आजोबा आले’ म्हणतोस, एकटे असूनही. इंग्रजीत पूर्वी एकट्याला दाऊ होता, दाऊ आर्ट, म्हंजे आपलं ‘तू आहेस’. यू अनेकांसाठी होता, मग आदराने एकट्या माणसालाही म्हणायला लागले आणि हळूहळू तू गळून पडला, सगळेच तुम्ही झाले. माणूस एक झाला पण क्रियापद अनेकवचनीच राहिलं. हे सांगितल्यावर एकही मूल पुन्हा विचारत नाही.

यारेकाठी | रात्री ८:४०
आणि मधल्या काळात यू वॉज पण चालायचं! १८व्या शतकात चांगले लिहिणारे लोक एकट्या माणसाला यू वॉज आणि अनेकांना यू वेअर लिहायचे, सोयीचंच होतं ते. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ नावाच्या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरण लिहिलं, त्यात त्याने यू वॉज ही फार मोठी अशुद्धता ठरवली. पुढच्या शालेय व्याकरणांनीही यू वेअरच धरलं. इथे रस्त्यावर ‘यू वॉज’, ‘वी वॉज’ रोज ऐकू येतं.

अभ्यासिका२४तास | रात्री ९:१०
रानजाई ताई, मुलीसाठी एक गोष्ट, माझ्या धाकट्या भावाची हीच अडचण होती. तो ‘डझ ही गोज’ लिहायचा आणि ‘ही कॅन गोज’ पण. एस एकदाच लागतो आणि रांगेतल्या पहिल्या क्रियापदाला लागतो. डू पुढे आला की त्याने एस घेतला, डझ झाला, मग मागचा गो मोकळा. कॅन, मे, मस्ट, विल हे पुढे आले तर तिथे एस लागतच नाही आणि मागेही जात नाही.

रानजाई | रात्री १०:०२
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. मी आज ऑफिसात जुन्या पत्रांची फाइल घेऊन बसले आणि दहा वाक्यं आधी मराठीत करून पाहिली. चार लिहिते, तपासा.

द रिपोर्ट ऑफ ऑल द व्हिलेजेस इज रेडी. (सगळ्या गावांचा अहवाल तयार आहे)
अ नंबर ऑफ फॉर्म्स आर इन्कम्प्लीट. (कितीतरी अर्ज अपुरे आहेत)
ईच ऑफ द वुमन हॅज अ बँक अकाउंट. (बायकांपैकी प्रत्येकीचं खातं आहे)
द न्यू फर्निचर्स हॅव अराइव्ह्ड. (नवीन टेबल-खुर्च्या आल्या आहेत)

मुलगी म्हणतेय शेवटचं चुकलंय, पण का ते तिला सांगता येत नाहीये.

पिंपळपान | रात्री १०:२०
पहिली दोन अगदी बरोबर. तिसऱ्यात हॅज बरोबर आहे, पण वुमन म्हंजे एक बाई, ईच ऑफ च्या पुढे अनेक हव्यात, म्हणून विमेन लिहा. चौथ्यात मुलगी बरोबर आहे, तिला शाबासकी द्या. टेबल-खुर्च्या आपण सुट्या मोजतो, त्यांचं फर्निचर केसांसारखं, सगळं मिळून एक, त्याला एस लागत नाही. ‘द न्यू फर्निचर हॅज अराइव्ह्ड.’ मोजूनच सांगायचं असेल तर ‘सिक्स चेअर्स हॅव अराइव्ह्ड’ लिहा. उरलेली सहा वाक्यंही टाका इथे, उद्या सकाळी शिकवणीच्या आधी बघते.